पातेल्यातले चार आणे

मी गाव सोडलं त्या सकाळी आईने मला सगळं दिलं, फक्त पातेलं दिलं नाही.

सातची एसटी होती. आमचं गाव अंबाजोगाईपासून आत, फाट्यावर गाडी धरायची म्हणजे सहालाच घर सोडायला हवं. ओसरीत गाठोडी मांडून ठेवली होती. ज्वारीच्या पिठाचा डबा, कारळाची चटणी, कुरडया, खारोड्या, आणि लोणच्याची बरणी. बरणीच्या तोंडाला फडकं असं करकचून बांधलेलं, की पुढे भूगावात ते सोडवायला मला कात्री घ्यावी लागली. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागून दोन महिने झाले होते. त्याने भूगावात एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं होतं आणि आता मी निघाले होते. निघता निघता मी आत गेले आणि फळीवरचं पितळेचं पातेलं चाळणीसकट खाली काढलं.

"ते ठेव," आई म्हणाली.

"मग दिंड कशात करू?"

"कशातबी कर. ते घरचं हाय. घरातच राहील."

मी काहीतरी तोडून बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण आबांचं वाक्य आठवतं. आबा म्हणजे माझे वडील. ते माझी बॅग हातात घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "गाडीच्या वक्ताला भांडू नका गं, मायलेकी." मी पातेलं परत फळीवर ठेवलं. जरा जोरातच ठेवलं. आतलं नाणं खणकन वाजलं, आणि तो आवाज कानात घेऊन मी फाट्यापर्यंत चालत गेले.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी यंदा अंक काढायचं ठरवलं आहे. गावात राहिलेल्यांनी गावाबद्दल लिहायचं, बाहेर पडलेल्यांनी बाहेरचं. बहुतेक जण मातीची ओढ वगैरे लिहितील. लिहू देत. मी माझ्या जळफळाटाबद्दल लिहिणार आहे. कारण गेल्या बारा वर्षांत मला गावाची जेवढी ओढ लागली, त्याच्या दुप्पट गावात राहिलेल्या एका बाईचा हेवा वाटला आहे. ती बाई म्हणजे माझी भावजय, रेखा. तीही हे वाचणार, कारण गावात अंक वाटायचं काम माझ्या भावाने अंगावर घेतलं आहे. तेव्हा आडपडदा ठेवण्यात काही अर्थ नाही.

आधी त्या नाण्याचं सांगते. नागपंचमीला आमच्याकडे तवा चढत नाही. तवा म्हणजे नागाचा फणा, तो तापवला तर नागाला चटका बसतो. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही. मग उरतं काय, तर उकडणं. म्हणून पुरणाचे दिंड. कणकेची पुरी लाटायची, मधे पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी पाकिटासारखी घडी घालायची आणि चाळणीवर मांडून वाफवायचं. गरम दिंड फोडून त्यावर तूप सोडायचं. ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी खाल्ला नाही त्यांना सांगून कळायचं नाही.

पातेल्यात तळाला पाणी, वर चाळणी, त्यावर झाकण आणि झाकणावर वरवंटा. आत पाणी किती उरलंय ते दिसत नाही, आणि बघायला झाकण उघडलं तर कोंडलेली वाफ निघून जाते. म्हणून आई पाण्यात एक चार आण्याचं नाणं टाकायची. पाणी उकळतंय तोवर नाणं तळाशी नाचत राहतं, खडखड वाजतं. आवाज थांबला की समजायचं, पाणी संपत आलं, आता पातेलं लागणार. आईच्या मागे पुरण असायचं, पूजा असायची. त्यामुळे नाण्याकडे कान ठेवायचं काम माझं. पाचवीत असल्यापासून दर पंचमीला मी पाट घेऊन पातेल्याशेजारी बसायचे. बाहेर लिंबाला झोका बांधलेला असायचा, मैत्रिणी हाका मारायच्या, मी उठायचे नाही. "आई, थांबलं" असं ओरडण्यात जो मान होता तो झोक्यावर नव्हता.

मी भूगावला आल्यावर तीन वर्षांनी माझ्या धाकट्या भावाचं, सतीशचं लग्न झालं. रेखा केजकडची. उंच, कमी बोलणारी, कामाला वाघ. पहिल्या पंचमीला ती रीतीप्रमाणे माहेरी गेली. दुसऱ्या वर्षी आईचे गुडघे धरले, म्हणून ती सासरीच थांबली, दिंड केले आणि दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. पुढे तोच रिवाज पडला. त्या दुसऱ्या पंचमीला मी गेले होते. आत आले तर गॅसवर ते पातेलं, नाणं वाजतंय, आणि शेजारी रेखा. मी काही विचार न करता पाट ओढला आणि बसले.

"ताई, तुमी कामून बसायल्या हितं?" रेखा म्हणाली. "झोक्यावर जावा की. तुमी पाव्हण्या."

आई पलीकडे कणीक मळत होती. 

पाव्हण्या. माझ्या घरात, माझ्या पातेल्याशेजारी. रेखा चांगल्या मनाने म्हणाली होती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच जास्त झोंबलं. वाईट मनाने म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. मी उठून झोक्यावर जाऊन बसले. तिशीला आलेली बाई, झोका घेतेय आणि कान स्वयंपाकघराकडे. नाणं थांबलं ते मला बाहेरून ऐकू आलं. मी ओरडणार, तेवढ्यात आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. तिने माझ्याआधी ऐकलं होतं.

त्यानंतर मी पंचमीला जाणं सोडलं. रजा नाही, प्रोजेक्टची रिलीज आहे, ईराची शाळा आहे. ईरा म्हणजे माझी मुलगी. ही कारणं खरी होती, पण दिवाळीला मला रजा बरोबर मिळायची. आबा वारले तेव्हा आठ दिवस राहिले. पंचमी आली की मात्र माझ्या कंपनीला माझ्यावाचून चालत नव्हतं. सतीश दर वर्षी फोन करायचा, "ताई, येणार का?" मी म्हणायचे, "बघते." रेखा मागून विचारायची, "किती दिंड टाकू?" हे मला फोनवर ऐकू यायचं, आणि मला वाटायचं, बघा, टोमणा मारतेय.

भूगावात आम्ही आलो तेव्हा आमच्या खिडकीतून भाताचं खाचर दिसायचं आणि त्यामागे डोंगर. आता आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये, सहाव्या मजल्यावर राहतो आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे दिसतात. डोंगर आहे, पण तो बघायला पार्किंगच्या टोकाला जावं लागतं. शनिवार-रविवारी पुणं मुळशीकडे उलटतं. धबधबे, भजी, कणसं. आमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि दूध आणायला गेलेला नवरा तासाने परत येतो. कंपनीतले लोक म्हणतात, तुम्ही काय बाबा, निसर्गात राहता. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते आमच्याइतकं जवळून कुणी बघितलं नसेल.

हेव्याची मला एकदा सवय लागली ती लागलीच. आमच्याकडे पोळ्यांना येतात त्या कमलताईंचाही मी हेवा करते. त्या इथेच मागच्या चाळीत राहतात, माहेर मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत. एसटीने जायचं आणि पुढे तासभर चढायचं, की माहेर. पंचमीच्या आदल्या दिवशी त्या पोळ्या झाकून ठेवतात, हात पुसतात आणि सांगतात, "उद्या यायची न्हाई मी, ताई. माह्यारी चाललीया." विचारत नाहीत, सांगतात. आणि मी दहा दिवस आधी सिस्टिममध्ये रजेचा अर्ज टाकून मॅनेजरच्या तोंडाकडे बघत बसते. मग रजा मिळाली तरी जात नाही, ते वेगळं.

तर अशा माणसाच्या घरात स्टीम ओव्हन आला. फ्लॅटचं स्वयंपाकघर करून घेताना दुकानदाराने तो दाखवला. वाफेवर शिजवतो, वायफायला जोडतो, मोबाईलवरून चालतो. पाण्याची टाकी आत आहे, आणि पाणी कमी झालं की मोबाईलवर सूचना येते. दुकानदार हे सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे ते नाणं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "घेऊ या, पण वापरशील ना?" वापरशील ना म्हणे. अळूवडी, कोथिंबीर वडी, इडल्या, मुटके, भात, कणसं, रताळी. जे उकडता येईल ते मी उकडलं. आधीचं स्टीलचं मोदकपात्र कमलताईंना देऊन टाकलं. सकाळी ट्रे भरून ठेवायचा, संध्याकाळी चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलं की मोबाईलवरून चालू करायचा, घरी पोचेपर्यंत वड्या तयार. उंटावरून शेळ्या हाकण्याची सोय यापेक्षा चांगली कुठे मिळणार? एकदा ट्रे भरायलाच विसरले आणि बाणेरच्या पुलावरून रिकाम्या भांड्याला वीस मिनिटं वाफ दिली.

प्रत्येक पदार्थाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकायचे. खाली लिहायचे, 'फक्त वीस मिनिटं!' रेखा दर वेळी एक अंगठा पाठवायची. कधी शब्द नाही, फक्त अंगठा. त्या अंगठ्याने माझ्या अंगाचा किती वेळा तिळपापड झाला, ते सांगत बसत नाही.

यंदा श्रावणाच्या आधी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. तपासणीला परत परत जायचं होतं म्हणून ती महिनाभर माझ्याकडे राहिली. म्हणजे पंचमीला आई माझ्याकडे, आणि गावात रेखा एकटी. मला आनंद झाला. खरंच सांगते, आईचा डोळा नीट झाला याच्यापेक्षा या गोष्टीचा थोडा जास्तच झाला.

आई आल्यानंतर चौथ्या दिवशी मी सकाळी कोथिंबीर वडीचे उंडे ट्रेमध्ये ठेवून ऑफिसला गेले आणि तिला सांगायला विसरले. दुपारी कँटीनमधून मोबाईलवर बटण दाबलं. पाच मिनिटांत आईचा फोन. आवाज एकदम हळू. "शुभे, घरात कुणी नाही, आन् तुझं कपाट आपोआप फुसफुसायलंय."

मी हसले. ती म्हणाली, "हसू नको. मी पलंगावर पाय वर घेऊन बसलेय." नशिबाने तेवढ्यात कमलताई आल्या आणि त्यांनी तिला ओव्हनचा दिवा दाखवला. संध्याकाळी घरी आले तर दोघींची गट्टी जमलेली. कमलताई म्हणत होत्या, "मावशी, त्ये मशीन बोलतंय लई, पन ऐकत न्हाई कुनाचं." आणि ओव्हनच्या काचेवर हळदीकुंकवाची दोन बोटं उमटलेली. आई म्हणाली, "नागोबा हाय तुझा. पंचमी जवळ आली, म्हणलं असू दे." तेव्हापासून आमच्या घरात त्याला नागोबाच म्हणतात.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी सतीशसाठी उपवास केला. भावाचा उपवास मी इथे आल्यापासून एकदाही चुकवलेला नाही. पंचमीला रजा टाकली. पुरण आदल्या संध्याकाळीच करून ठेवलं होतं. सकाळी कणीक भिजवली, अकरा पुऱ्या लाटल्या, घड्या घातल्या. आई डोळ्यांवर काळा चष्मा लावून डायनिंग टेबलापाशी बसली होती. तिला दिंडाला हात लावायचा होता. मी लावू दिला नाही. म्हटलं, डोळ्याला वाफ लागेल. खरं तर मला सगळे दिंड माझ्या हातचे हवे होते.

आणि नेमका तेव्हाच ग्रुपवर रेखाचा फोटो आला. ताटात मांडलेले दिंड, वर तुपाची धार. मी फोटो मोठा करून एकेक तपासला. एखादा तरी फुटलेला असेल असं मला वाटत होतं. वाटत होतं कशाला, फुटलेला असावा अशी माझी इच्छा होती. आईशिवाय, एकटीने, पहिल्यांदाच केलेले. एकही फुटला नव्हता.

"दाखव," आई म्हणाली. मोबाईल हातात घेऊन, चष्मा वर करून, ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ धरून तिने तो फोटो बराच वेळ बघितला. म्हणाली, "घडी बसली हाय."

एवढंच. पण आईच्या तोंडून 'घडी बसली' हे दोन शब्द मी लहानपणापासून किती वेळा ऐकायला थांबले होते. माझी घडी तिला नेहमी सैल वाटायची. मला काय झालं कोण जाणे. ओव्हनच्या पडद्यावर माझा नेहमीचा वीस मिनिटांचा प्रोग्राम होता. त्याच्या शेजारी 'टर्बो' लिहिलेलं बटण होतं, बारा मिनिटांचं. ते मी कधी दाबलं नव्हतं. त्या क्षणी दाबलं. ताम्हिणीच्या रस्त्यावर पाटी आहे, 'अति घाई संकटात नेई'. दर पावसाळ्यात वाचतो आम्ही ती. आणि मी दिवसभर काम काय करते, तर टेस्टिंग. लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. स्वतःच्या घरातल्या मशीनची पुस्तिका मात्र मी एक पानही उघडून बघितली नव्हती.

टर्बोमध्ये वाफेबरोबर गरम हवाही सुटते आणि शेवटची चार मिनिटं नुसती गरम हवा. पदार्थ वरून खरपूस व्हावा म्हणून. हे मला नंतर कळलं. आईला आधी कळलं, नाकाने.

"शुभे, भाजल्याचा वास यायलाय."

"काहीतरीच. वाफेवर आहेत ते."

मोबाईल वाजला. तुमचा पदार्थ तयार आहे. मी दार उघडलं. अकराच्या अकरा दिंड तांबूस झाले होते, कडा खारीसारख्या कडक. दोन फुटून पुरण ट्रेवर आलेलं, तेही करपलेलं. आई उठून जवळ आली, वाकून बघितलं.

"पंचमीला भाजलंस, लेकी," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी असल्या गोष्टींवर फार विश्वास ठेवणारी नाही. तरी भावावर काही ओढवलं तर, म्हणून पहिला फोन सतीशला लावला. "काय झालं, ताई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. कसा आहेस?" तो तोंडात घास घेऊनच बोलत होता. "मला काय झालंय? दिंड खायलोय. रेखाचे."

ईरा शाळेची सुट्टी म्हणून घरीच होती. तिने एक तांबूस दिंड उचलून खाल्ला आणि म्हणाली, "मम्मा, भारी. कुकीसारखं लागतंय." अजून एक घेऊन खेळायला गेली. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं. आई मागे होती. बारा वर्षं जे बोलले नव्हते ते बोलून टाकलं.

"तू मला पातेलं दिलं नाहीस. तिला दिलंस."

आई खुर्चीवर बसली. तिने चष्मा काढून पदराने पुसला. डोळ्याला हात लावू नकोस म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून चष्माच पुसत राहिली.

"मी कुणालाच दिलं नाही," ती म्हणाली. "तू पंचमीला येणार, मग तुला दिंड कशात करून घालू, म्हणून ठेवून घेतलं व्हतं. तू नेलं असतंस तर घरी काय राहिलं असतं? आन् तू यायचीच बंद झालीस." मग म्हणाली, "रेखा दर पंचमीला माहेर सोडून हितं थांबती. माझे गुडघे तर कवाच बरे झाले. ताई येतील म्हणून थांबती."

किती दिंड टाकू. फोनमागून येणारा तो टोमणा मला आठवला. तो टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, किती दिंड टाकू.

आता मला शरम वाटली असं लिहायला हवं, आणि वाटलीही. पण त्याआधी, अर्ध्या मिनिटापुरता, मला रेखाचा आणखी हेवा वाटला. माझ्यासाठी थांबायचं कामसुद्धा तिनेच करून टाकलं होतं.

"पुरण उरलंय ना?" आईने विचारलं. "उरलंय. कणीकही आहे." "मग ऊठ. मोठं पातेलं काढ."

घरात चाळणी बसेल असं पातेलं नव्हतं, आणि मोदकपात्र कमलताईंच्या खोलीत कुलपाआड. त्या माहेरी. आई म्हणाली, चाळणी कशाला लागते? तिने भाताच्या पातेल्यात पाणी घातलं, धुतलेलं सुती फडकं ओलं करून पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधायला घेतलं. लोणच्याच्या बरणीला बांधायची तसंच, करकचून. गाठ मारण्याआधी थांबली आणि आतल्या खोलीत गेली. औषधांची पिशवी घेऊन आली. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या, चिठ्ठ्या, कापूस, आणि कापसाखालून तिने ते नाणं काढलं.

चार आण्याचं नाणं. उकळून उकळून इतकं गुळगुळीत झालेलं, की त्याच्यावर काय होतं ते बोटालाही कळत नव्हतं.

"कधी आणलंस?"

"आले तवाच. रेखानं दिलंय. म्हणली, मला आता लागत नाही, ताईंना लागंल."

"मग इतके दिवस दिलं का नाहीस?"

"तुझे दिंड नीट झाले असते तर परत नेलं असतं."

मला लागत नाही, ताईंना लागंल. या वाक्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं मायेचं वाक्य मला कुणी पाठवलं नव्हतं, आणि एवढं झोंबणारंही. मी नाणं धुतलं आणि पाण्यात टाकलं. आईने गाठ मारली. मी पुन्हा पुऱ्या लाटल्या. या वेळी घड्या आईने घातल्या, मी शेजारी बघत. फडक्यावर सहा दिंड मांडले, वर परात पालथी घातली. घरात पाट नाही, तेव्हा माळ्यावरचं काढायला ठेवलेलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून मी गॅसजवळ बसले.

थोड्या वेळाने नाणं वाजायला लागलं. आधी एखाददुसरा ठोका, मग सारखं. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं तरी वॉशिंग मशीन चालू होतं, तरी मला स्पष्ट ऐकू येत होतं. नागोबा कोपऱ्यात गप्प होता.

तेवढ्यात रेखाचा फोन आला. तिचा फोन मला कधी येत नाही, सतीशच्या फोनवरून बोलतो तेवढंच.

"ताई, आईंनी नाणं दिलं का? त्यांच्या ध्यानात राहतं का नाही, म्हणून केला."

"दिलं. टाकलंय पाण्यात."

"वाजायलंय का?"

मी मोबाईल पातेल्याजवळ धरला.  मला तिच्या मागे झोक्याची करकर ऐकू आली. गल्लीतल्या पोरी असतील. बराच वेळ धरला. मग फोनमधून तिचा आवाज आला. "ताई, पाणी कमी पडलंय तुमचं. थांबंल आता."

मी म्हणणार होते, अजून नीट वाजतंय की. तोंड उघडलं आणि नाणं थांबलं.

साडेतीनशे किलोमीटरवरून, मोबाईलवरून. आणि मी शेजारी स्टुलावर.

"आई, थांबलं," मी म्हटलं, आणि फडक्याच्या कडेने गरम पाणी सोडलं. माझ्या पोटात दुखत होतं. इतकं की हसू आलं. दिंड झाले, चांगले झाले, एक फुटला. आईने त्यावर तूप घातलं, खाल्ला, आणि घडीबद्दल काही बोलली नाही, कारण घडी तिचीच होती.

बाहेर गेलेल्या बाकीच्यांचं मला माहीत नाही. तुमचं कुणाचं घर म्हणजे झाड असेल, नदी असेल, शाळेची घंटा असेल. मला विचाराल तर, जिथल्या माणसांचा अजून हेवा वाटतो ते घर. भूगावात मला शेजारणीच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटचा कधी हेवा वाटला नाही. कमलताईंचा वाटतो, पण तोही त्यांच्या माहेराचा. ज्या दिवशी रेखाचा फोटो बघून मला काहीच होणार नाही, त्या दिवशी मी खरी पाव्हणी झाले असं समजावं.

नागोबा चालू आहे. भात, वड्या, इडल्या सगळं त्याच्यातच. टर्बोचं बटण मी बंद करून टाकलं आहे, पुस्तिका वाचून. नाणं मसाल्याच्या डब्यात लवंगांच्या वाटीत ठेवलंय.

पुढच्या पंचमीची रजा मी आत्ताच टाकली आहे. नाणं घेऊन येणार आहे. रेखा, तुला लागत नसलं तरी मी ते पातेल्यात टाकणार, आणि झोक्यावर जा म्हणालीस तर जाणार नाही. त्या दिवशी तू सकाळीच केजला जा. तुझ्या आईच्या हातचे दिंड खा. इकडचे मी करीन, फुटले तर फुटले. फक्त जायच्या आधी पाट तेवढा पातेल्याशेजारी ठेवून जा.